यमुनाबाई, चौकशी खिडकीजवळ या

आमच्या घरी कोणालाही कुठं जायचं असलं की तो आधी नानांना विचारायचा. नाना म्हणजे माझे वडील. जळगावच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीमागं बसून माईकवरून गाड्या पुकारायचं त्यांचं काम. घरी ते आमच्यासारखंच अहिराणी बोलायचे, पण माईकचं बटण दाबलं की त्यांच्या तोंडून एकदम पुस्तकातली मराठी निघायची, भरदार, सावकाश, गावाच्या नावातलं प्रत्येक अक्षर सुटं. लग्नाकार्यात, मयतीला, कुठंही चार माणसं जमली की कोणीतरी म्हणायचं, "नाना, माले पहूरहून नरडाणाले जानं शे, सांगा बरं." आणि नाना डोळे मिटून सांगायचे. कुठं उतरायचं, पुढची गाडी कोणत्या फलाटाला लागते, ती चुकली तर दुसरी कोणती, आणि तिथं चहा कोणाकडचा घ्यायचा, हेसुद्धा.

त्यामुळं त्या रविवारी जे झालं ते आम्हांला पटकन कळलंच नाही. घरात वरण-बट्टी होती. जळगावातल्या मेहरूणच्या त्या दोन खोल्यांच्या घरात वरण-बट्टी झाली की तुपाचा वास पार पुढच्या वळणापर्यंत जायचा. मायचा मावसभाऊ जेवायला होता. बट्टी कुस्करता कुस्करता त्यानं विचारलं, "नाना, उद्या नरडाणाले जानं शे. कसा जाऊ?" नानांनी डोळे मिटले. "एरंडोल," ते म्हणाले. "पारोळा." आणि थांबले. वरणाची वाटी हातात धरून ते बसून राहिले. आम्ही वाट बघितली. बाहेर शेजारच्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणटण आवाज चालला होता तो तेवढा ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं ते पुन्हा म्हणाले, "पारोळा," आणि डोळे उघडून मायकडे पाहिलं. एखाद्या परक्या गावात उतरलेला माणूस पहिल्या दिसेल त्याच्याकडे बघतो तसं. माय बट्टीच्या परातीवरून मान वर न करता म्हणाली, "पारोळा, मंग धुळं, मंग नरडाणा. तुमीच तर सांगेल शे माले." आणि तिनं मावसभावाला आणखी तूप वाढलं.

कंपवात तर तोवर जुना झाला होता. तो नोकरीतच सुरू झाला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं अशी हलायची की जणू ते बसल्याबसल्या विडी वळताहेत. मग चाल बारीक झाली, पावलं जमिनीला घासायला लागली, चेहऱ्यावरचं हसू आतल्या आत राहायला लागलं. आणि आवाज गेला. गेला म्हणजे बसला नाही, नुसता लहान होत गेला. ज्या माणसाचा आवाज स्टँडच्या पत्र्यांवरून घुमायचा त्याचं बोलणं ऐकायला आम्ही कान त्यांच्या ओठांपाशी न्यायचो. पण हे सगळं अंगाचं आहे, डोकं शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणायचे आणि आम्हीही म्हणायचो. नातेवाइकांना सांगताना मायचं ठरलेलं वाक्य होतं, "हातपाय ऐकत नहीत, पन डोकं एकदम बराबर शे."

ते बरोबर राहिलं नव्हतं, हे मायला सगळ्यांच्या आधी कळलं असणार. सदऱ्याची बाही त्यांना सापडेनाशी झाली. हात थरथरतो म्हणून नव्हे. सदरा समोर धरून ते त्याच्याकडे नुसते बघत राहायचे, कोणतं भोक गळ्याचं आणि कोणतं हाताचं हेच लागेना. चालताना कोणी बोललं की ते जागच्या जागी थांबायचे, कारण चालणं आणि ऐकणं दोन्ही एकदम जमत नव्हतं. प्रश्न विचारला की उत्तर यायचं, पण फार उशिरा. "भाजीत मीठ बरोबर आहे का?" असं मी विचारावं, उत्तर नाही म्हणून ताट उचलून मोरीत न्यावं, भांडी घासायला बसावं, आणि मग आतून हळू आवाज यावा, "जरासं कमी शे." मला तेव्हा हसू यायचं. मी बारावीत होते, त्या वयात कशालाही हसू येतं. माय हसायची नाही. ती प्रश्न विचारून तिथंच बसून राहायची, हातातलं काम टाकून. उत्तर येईपर्यंत.

आज या वयात मला लोक विचारतात, कारण आता घरोघरी असं कोणीतरी असतं आणि पार्किन्सन हा शब्द सगळ्यांना माहीत झालाय. विचारतात, "तुमचे वडील विसरायला लागले होते का?" मी सांगते की विसरणं हे त्यातलं लहान दुःख होतं. नानांना जुन्या ड्रायव्हरांची नावं शेवटपर्यंत आठवत होती. जरा धागा हातात दिला की पुढचं सगळं ते स्वतः ओढून काढायचे. तो धागा त्यांना स्वतःला सापडायचा नाही, एवढंच. आणि सकाळी जो माणूस ओळखीचा वाटायचा तो दुपारी वाटेलच असं नव्हतं. एकाच दिवसात ते येत होते आणि जात होते.

त्या वर्षी होळीच्या सुमारास त्यांचं चालणं फारच अडायला लागलं. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. जळगावातल्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. मोठी पिवळी गोळी होतीच, ती जास्त वेळा द्यायला सांगितली, आणि थरथर कमी व्हावी म्हणून एक छोटी पांढरी गोळी जोडली. आणि नाना चालायला लागले! अंगणात, गल्लीत, पार तलावाच्या वाटेपर्यंत. माझी थोरली बहीण धुळ्याला दिलेली होती, तिला आम्ही अक्का म्हणायचो. तिला निरोप गेला, ती भेटायला आली, नानांना तिनं बोरीच्या झाडाखालून चालत येताना पाहिलं आणि तिथंच ओट्यावर बसून रडली. मायनं त्या दिवशी गोडाचं केलं, खापरावरची पुरणाची पोळी. पातळ, ताटाबाहेर येणारी. नानांनी ती आपल्या हातानं खाल्ली.

मग प्रवासी आले.

एका दुपारी नाना खाटेवर बसले होते आणि मला म्हणाले, "शोभा, पोरे केव्हाना बसेल शेतस. त्यासले पानी दे." मी पाहिलं. धान्याच्या कोठीपाशी कोणीच नव्हतं. मी म्हटलं, "कोणती पोरं, नाना?" त्यांनी बोट दाखवलं. लहान मुलं होती म्हणे, दोन बायका होत्या, गाठोडी घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. नाना घाबरलेले नव्हते. त्यांना फक्त वाईट वाटत होतं की गाडीला एवढा उशीर झालाय आणि कोणी यांची चौकशी करत नाही. मी आत जाऊन मायला सांगितलं. माय बाहेर आली, कोठीकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बसा हां. गाडी लेट शे." नानांचा चेहरा सैल झाला. त्या दिवसापासून ही माणसं अधूनमधून यायची. काही वेळा नाना स्वतःच म्हणायचे, "नही, कोनीच नही तठे, माले तसंच दिसस." त्यांना कळतही होतं आणि दिसतही होतं. मायच्या माहेरचं कोणीतरी म्हणालं की हे बाहेरचं आहे, एक भगत आहे, त्याला दाखवू. माय म्हणाली, "बाहेरनं काही नही. त्यासनी जलमभर गाड्या लायात, आते प्रवासी घर येतस, इतलंच." पण मी तिला त्या दिवशी देवापाशी फार वेळ बसलेली पाहिली.

उन्हाळा आला. आमच्या अंगणात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातला होता. ज्वारीचा घाटा शिजवून, तीळ आणि मिरची घालून, ओल्या फडक्यावर थापायचा आणि फडकं उलटं करून खाटेवर बिबडे वाळायला टाकायचे. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं असतं. शेजारच्या पिंजाऱ्याची बायको हमीदाचाची मदतीला आली होती. तिघी मिळून थापत होतो. चाची तिच्या सुनेची तक्रार सांगत होती, माय हसत होती, आणि गरम घाट्याची चव बघायची म्हणून मी वाटीत घेऊन तेल घालून खात होते. मायला वाटलं नानांनाही थोडा द्यावा. ती वाटी घेऊन आत गेली, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, साडी खोचलेली, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

आतून नानांचा आवाज आला. त्या आजारपणात इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "तू कोन शे?"

"मी यमुना," माय म्हणाली. तिला वाटलं चष्मा नाही म्हणून विचारताहेत.

"तू यमुना नही शे. तिन्हासारखी दिसस. लुगडं बी तिन्हंच घालेल शे. पन तू ती नही." मी दारात आले तर नाना भिंतीला पाठ लावून उभे होते, वाटी खाली पडलेली होती. "मन्ही बायको कोठे शे? काय करं तू तिन्हं?"

माय जागेवर उभी होती. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "शोभी, तूच सांग." मी सांगितलं. नाना मला ओळखत होते, चाचीला ओळखत होते. चाची म्हणाली, "नाना, ये यमुना हीच है ना, तुमचीच घरवाली." नानांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तिलाही या बाईनं फसवलंय, असं त्यांना वाटलं असावं. माय पुढं झाली, त्यांचा हात धरायला. त्यांनी तो झटकला. तशी माय मोरीत गेली आणि हात धुवायला लागली. पीठ केव्हाच निघालं होतं तरी ती हात चोळत होती.

घाटा गार होऊन वाया जाणार म्हणून आम्ही पुन्हा अंगणात बसलो. नाना शांत झाल्यासारखे वाटले, डोळे मिटून पडले होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. चाची पाणी प्यायला तिच्या घरी गेली आणि धावतच परत आली. "शोभा, नाना रिक्षामें बैठ के गये! मेरे जेठ ने देखा, स्टँड की तरफ!" मागच्या दारानं निघाले होते. वाढवलेल्या गोळ्यांनी त्यांना पाय दिले होते, ते पाय घेऊन ते बायकोला शोधायला गेले होते.

आम्ही दोघी तशाच निघालो. स्टँडवर लग्नसराईची गर्दी होती. ट्रंका, पाट्या, केळीचे घड, रडणारी पोरं. मी नानांना शोधत फलाटावरून पळत होते आणि माय माझ्या मागं. तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून आवाज आला. नानांच्या जागी आता सोनवणे म्हणून एक कंट्रोलर होते, नानांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांच्या आवाजात नानांची ढब होती. "यमुनाबाई, मुक्काम मेहरूण. यमुनाबाई. आपण जिथं असाल तिथून चौकशी खिडकीजवळ या. आपले यजमान आपली वाट पाहत आहेत." माय थांबली. तिच्या आयुष्यात तिचं नाव असं कोणी पुकारलं नव्हतं. आजूबाजूचे लोक आपापल्या गाड्या बघत होते, कोणाला काय त्याचं. माय पदर डोक्यावर घेऊन उभी होती आणि कर्णा पुन्हा म्हणाला, "यमुनाबाई, चौकशी खिडकीजवळ या."

नाना खिडकीपाशी बाकड्यावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. सोनवणेभाऊंनी आतून आम्हांला पाहिलं, त्यांना वाटलं काम झालं. मी मायचा हात धरून पुढं ओढत होते. पण ती मागंच थांबली. तिला भीती वाटत होती, ते मला आता कळतं. चारचौघांत त्यांनी पुन्हा तिचा हात तसाच झटकला तर? म्हणून ती त्यांच्या पाठीमागूनच हळूच बोलली, "आवो. मी उनू."

नाना ताठ झाले. "यमुना?"

"हा."

"कोठे व्हती तू इतला टाईम?"

"आठेच व्हतू. बिबडा करी ऱ्हायनू व्हतू."

नानांच्या खांद्यांतून जीव सुटल्यासारखा झाला. ते रडायला लागले, आवाज न करता. आणि रडता रडता वळले, तिला बघायला. त्यांनी पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा मिटत गेला. "तू नही," ते म्हणाले. "आते मी तिन्हा आवाज ऐका. ती कोठे गई?"

त्या दिवशी मायला एक गोष्ट कळली, जी तोवर आम्हांला कोणी सांगितली नव्हती. नानांचे डोळे तिला ओळखत नव्हते, पण कान ओळखत होते. तिनं त्यावर घर चालवायला सुरुवात केली. जेवणाच्या वेळी ती स्वयंपाकघरातून, भिंतीआडून म्हणायची, "आवो, जेवी ल्या. मी भाकरी टाकी ऱ्हायनू. ती बाई वाढी तुमले." मग तोंड मिटून बाहेर यायची, ताट ठेवायची, घास करून भरवायची. एक शब्द न बोलता. नाना त्या बाईच्या हातचं खायचे, कारण बायकोनं सांगितलं होतं. आंघोळीच्या वेळी तसंच. त्या बाईशी ते तुटक बोलायचे. "ओ बाई, हळू." "ओ बाई, ते लुगडं तिन्हं शे, काढी ठेव." पाठ फिरली की मला हळूच म्हणायचे, "बाई भली दिसस, पन लक्ष ठेव." आणि दुपारी माय स्वयंपाकघरात बसून भिंतीपलीकडून त्यांच्याशी गप्पा मारायची. पावसाचं, गिलक्याच्या वेलाचं, अक्काच्या पोरांचं. मधेच मोठी शांतता, मग नानांचं उशिरा आलेलं उत्तर. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन दोघांच्या मधल्या दारात बसायचे. मला दोघंही दिसायचे. मायचे डोळे भरलेले असायचे आणि आवाज अगदी रोजचा.

अक्कानं धुळ्याला एका डॉक्टरांची माहिती काढली. मेंदूच्या आजाराचे, नाशिकहून महिन्यातून एकदा यायचे. आम्ही एसटीनं गेलो. नानांच्या शेजारी मी बसले आणि माय मुद्दाम त्यांच्या मागच्या सीटवर, म्हणजे ती बोलली की आवाज मागून यावा. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. नाना खिडकीबाहेर बघत होते, प्रत्येक थांब्यावर त्यांचे ओठ हलत होते.

डॉक्टर तरुण होते. घाईत नव्हते, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी नानांना कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. जो माणूस आयुष्यभर घड्याळावर जगला त्याला घड्याळ काढायला सांगताहेत म्हणून अक्का जरा हसली. नानांनी मोठ्या कष्टानं एक लहानसा गोल काढला. मग आकडे लिहायला लागले, एकाखाली एक, एकाखाली एक, सगळे उजव्या कडेला दाटीवाटीनं, आणि डावी बाजू पांढरीच राहिली. ते थांबले. काहीतरी चुकलंय हे त्यांना दिसत होतं. त्यांनी कागद फिरवून पाहिला, पेन्सिल टेकवली, उचलली. अक्काचं हसू गेलं.

डॉक्टरांनी आम्हांला समजेल असं सांगितलं. हा आजार हातापायांपुरता राहील असं तुम्हांला कोणी सांगितलं असेल, पण वय झालेल्या पुष्कळ माणसांत तो पुढं विचार करण्यावरही येतो. आधी वेग जातो, मग क्रम जातो, मग डोळ्यांनी बघितलेल्याचा अर्थ लागेनासा होतो. हे वेड नाही आणि ते मुद्दाम करत नाहीत. मग म्हणाले, गोळ्यांनीही यात भर घातलीय. पिवळ्या गोळीनं पाय सुटतात, पण ती जास्त झाली की नसलेली माणसं दिसतात. पांढरी गोळी तर या वयात डोकं गढूळच करते. दोन्ही हळूहळू उतरवता येतील. "पण मग चालणं जाईल," ते म्हणाले. "कदाचित उठवून बसवावं लागेल. आणि ओळख परत येईलच, असं वचन मी देत नाही. बहुतेक थोडी येईल. तुम्ही ठरवा."

अक्का म्हणाली, "चालता माणूस खाटेवर पाडायचा? माय एकटी कशी उचलेल त्यांना?" तिचं खोटं नव्हतं. मला दोन्ही नको होतं. डॉक्टरांनी मायकडे पाहिलं. माय खोलीच्या कोपऱ्यात, नानांच्या पाठीमागं उभी होती. ती म्हणाली, "त्यासले इचारा ना. पाय त्यासना शेतस."

डॉक्टर खुर्ची ओढून नानांच्या समोर बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं, सोपं करून. नाना त्यांच्याकडे नुसते बघत होते. उत्तर नाही. डॉक्टर अक्काकडे वळले, पुढच्या तपासणीचं बोलणं निघालं, अक्का काही विचारायला लागली. माय मात्र जागची हलली नाही. तिला माहीत होतं. आणि बऱ्याच वेळानं, तो विषय संपल्यासारखा झाल्यावर, नाना म्हणाले, "पाय गयात तं जाऊ द्या. मन्ही बायको घर येवाले पाहिजे."

गोळ्या उतरवल्या. आधी पांढरी बंद झाली, मग पिवळी कमी कमी करत आणली. पाऊसभर नाना आखडत गेले. कूस बदलायलासुद्धा माणूस लागायचा. माय आणि मी चादरीला धरून त्यांना सरकवायचो, चाचीचा मुलगा आंघोळीला उचलून न्यायचा. घास गिळायला वेळ लागायचा म्हणून माय बट्टी पार वरणात विरघळवून चमच्यानं भरवायची. कोठीपाशी बसलेले प्रवासी हळूहळू यायचे बंद झाले. आणि पोळ्याच्या आसपास, एका सकाळी, माय तोंड मिटून चहा पाजत होती, तेव्हा नाना तिच्याकडे बघून म्हणाले, "यमुना, किती वाळनी तू."

मायच्या हातातला चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. ती पुसत राहिली.

नाना पूर्वीसारखे झाले असं नाही. घड्याळाची डावी बाजू पांढरी राहिली ती राहिलीच. पण आपली माणसं त्यांना आपली दिसत होती, बहुतेक दिवस. एकदा दुपारी मी तिथंच होते, ते मायला म्हणाले, "ती बाई गई का?"

"कोन बाई?"

"तू नव्हती तव्हय घर मा व्हती ती. भली व्हती. मी तिले लई बोलनू." बराच वेळ गेला. माय बसून राहिली. "तिले एक लुगडं लेई दे."

माय मोठ्यानं हसली. मला म्हणाली, "ऐकं का शोभी? माले जलमभर कधी आपला मननं लुगडं लिन्हं नही, अन् तिले लेतस!" आणि हसता हसता पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. पण दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बाजारात गेली. दुकानात तिनं इतक्या साड्या काढायला लावल्या की मला लाज वाटायला लागली. माय नेहमी मातकट, मळखाऊ रंग घ्यायची. त्या दिवशी तिनं मोरपंखी घेतली. मी म्हटलं, "माय, तुला हा रंग कुठं आवडतो?" ती म्हणाली, "मन्हासाठे कोठे शे?"

ती तिनं दिवाळीला नेसली. नानांनी पाहिलं आणि लगेच विचारलं. त्या काळात ते लगेच काही विचारत नसत. "हाई लुगडं तिन्हं ना?"

"तिनीच दिन्हं माले. तिले जानं व्हतं."

"माले भेटनी नही."

"घाईमा व्हती."

नाना साडीच्या काठाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग बरं."

थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला. घास चुकीच्या वाटेनं जात असावा, असं डॉक्टर म्हणाले. ताप उतरला नाही. सकाळची वेळ होती, चूल पेटलेली होती, माय त्यांच्या उशाशी बसून बोलत होती आणि त्यांचे डोळे तिच्यावर होते. आम्ही त्यांना शेवटचं नेलं तेव्हा स्टँडवरचे पुष्कळ लोक आले होते, सोनवणेभाऊही.

तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले. अक्का धुळ्याला गेली. घरात मी आणि माय. मी नानांची खाट उभी करून भिंतीला लावत होते आणि माय खाली बसून त्यांचे सदरे घडी करत होती, कोणाकोणाला द्यायचे म्हणून. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "माय, तू फार केलंस गं नानांचं."

तिनं हातातला सदरा मांडीवर ठेवला. उत्तर यायला वेळ लागला. "मी एकलीनी नही करं, पोरी," ती म्हणाली. "दोन्हीसनी करं. एक मी. मन्हं नाव तरी तुन्हा नाना लेतस. अन् दुसरी ती बाई. तिले त्या पाह्यतस तं तोंड फिरावतस, अन् ती तोंडमाईन शब्द नही काढे." तिनं सदऱ्याची बाही सरळ केली. "तिनीच जास्त करं."